अण्णांच्या मागच्या चाकाचा हब

माझे सासरे सायकलवरून पडतील या भीतीनं आमच्या घरात बरंच काही घडलं. फक्त सासरे तेवढे पडले नाहीत.

सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अक्कलकोटकडच्या एका हायस्कुलात त्यांनी उभा जन्म गणित शिकवलं. सासूबाई गेल्यावर जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आले ते दोन ट्रंका, एक तांब्याचा बंब आणि आपली सायकल घेऊन. बंब गॅलरीत मावेना म्हणून तो कुणाला तरी देऊन टाकला. सायकल पार्किंगमध्ये बसली. काळी, उंच, आडव्या दांडीची. चेनकव्हरवरचं कंपनीचं नाव कधीच पुसून गेलेलं. मीही शिक्षिकाच, इतिहासाची. त्यामुळे अण्णा मला सूनबाई वगैरे न म्हणता सरळ 'बाई' म्हणतात, स्टाफरूममध्ये म्हणतात तसं. "बाई, चहा होतोय की तास आहे?" असं आमचं चालतं.

अण्णांनी ऐंशी ओलांडली आहे. गेल्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली. माझ्या नवऱ्यानं चांगली काठी आणली, रबरी बुडाची, उंची कमीजास्त होणारी. अण्णांनी तिची उंची कमी करून पाहिली, जास्त करून पाहिली, करणाऱ्याच्या डोक्याचं कौतुक केलं आणि काठी माझ्या हातात दिली. गॅलरीत वरच्या तारेवरचे कपडे काढायला ती फार उपयोगी पडते.

अण्णा स्वतः मात्र रोज संध्याकाळी ऊन उतरलं की पँटच्या पायाला क्लिप लावायचे, डोक्यावर टोपी घालायचे आणि सायकल काढायचे. "फिरून येतो." तासाभरानं परत. येताना कधी कोथिंबिरीची जुडी, कधी पेरू, कधी नुसतेच घामाघूम आणि खूश. ऐंशीच्या पुढचा माणूस अजून सायकल हाणतो, हे शाळेत सांगताना मला अभिमान वाटायचा. नवरा मात्र कारखान्यातून फोन करून विचारायचा, अण्णा आले का? आमच्या कॉलनीतून बाहेर पडलं की विजापूर रोड, आणि त्या रोडवर काय काय धावतं ते सोलापूरकरांना सांगायला नको.

एके दिवशी अण्णांना यायला उशीर झाला. मी गॅलरीत येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात फाटकातून एक वरात आत आली. पुढं हँडल धरून अण्णा. मागं कॅरिअरला धरून मागचं चाक जमिनीवरून उचलून आणणारे खालचे मामा. मामा आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहतात. सांगोल्याकडचे; आयुष्य मेंढरं राखण्यात गेलं, आणि मुलगा बँकेत लागला तसा त्यानं आईबापांना इथं आणलं. वयानं अण्णांपेक्षा दहाबारा वर्षांनी लहान, पण दोघांची गट्टी अशी की एकाला शिंक आली तर दुसरा विचारतो, काय झालं.

"काय झालं?" मी वरून ओरडले.

"आवं ताई, सायकल दमली," मामा म्हणाले. "अण्णा न्हाय दमलं. घाबरू नगा."

कॅरिअरवर दोन्ही घरांच्या ज्वारीचं दळण होतं. त्या ओझ्यानं म्हणा किंवा वयोमानानं, मागच्या चाकाचा हब तडकला होता. हब म्हणजे चाकाच्या मधोमध असतो तो लोखंडी तुंबा. त्याच्या दोन्ही बाजूंना चकत्या असतात, आणि चकत्यांच्या भोकांतून चाकाच्या तारा निघतात. हे सगळं मला त्या दिवशी कळलं. अण्णांच्या हबची एक चकती फुटून चारपाच तारा सुटल्या होत्या, आणि चाक वाकडं होऊन फ्रेमच्या मागच्या चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, घट्ट अडकलं होतं.

"चालवताना तुटला?" मी विचारलं.

"रस्त्यात तुटला," अण्णा म्हणाले.

मामा पिठाचा डबा उतरवून घेत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं. मला वाटलं, माणूस आनंदी आहे.

थोड्या वेळानं नवरा कारखान्यातून आला. तो चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. ही नुसती नोकरी नाही, हा स्वभाव आहे. आमच्याकडं मिक्सर घ्यायचं ठरलं तेव्हा घेईपर्यंत मी पाट्यावर वाटायला शिकले. लग्नाच्या वेळीसुद्धा मला पसंत करून झाल्यावर यानं आणखी दोन मुली पाहिल्या होत्या, तीन कोटेशनं पुरी व्हावीत म्हणून. असं अण्णा सांगतात. नवरा म्हणतो एकच पाहिली होती.

सायकल पाहून त्याचा चेहरा इतका गंभीर झाला की मला वाटलं, आता हा फुलं वाहणार. मग म्हणाला, "अण्णा, तुम्ही काळजी करू नका. हबचं मी बघतो."

"बघ की," अण्णा म्हणाले. "फक्त बघतच बसू नको."

पहिल्या रविवारी माप घेण्याचा कार्यक्रम झाला. नवऱ्यानं कारखान्यातून व्हर्निअर कॅलिपर आणला होता, म्हणजे मापाचा तो सरकता चिमटा. मला फ्रेम उलटी धरून उभं केलं. फ्रेमच्या त्या मागच्या चिमट्याच्या दोन टोकांत नेमकं किती अंतर आहे हे कळल्याशिवाय हब निवडता येत नाही, असं त्यानं समजावलं. जुन्या फ्रेमी अरुंद, हल्लीचे हब रुंद. शिवाय रिमला जितकी भोकं तितकीच हबला पाहिजेत. शिवाय फ्रीव्हील, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती, हबवर आट्यांनी बसवायची की खाचांनी, हा एक वेगळाच विषय. त्यानं तीन वेळा माप घेतलं. तिन्ही वेळा वेगळं आलं, कारण उलटी फ्रेम माझ्या हातात डुलत होती.

"बाई, खाली ठेवा ती," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "सायकल नवऱ्याची नाही, सासऱ्याची आहे. एवढं झिजायची गरज नाही."

मग मोबाइलवर व्हिडिओ सुरू झाले. जेवताना, चहा पिताना, दात घासताना. कुठल्याशा थंड देशातला दाढीवाला माणूस हातमोजे घालून हब उघडायचा आणि आमच्या स्वयंपाकघरात त्याचं इंग्रजी घुमायचं. बंद बेअरिंगचा हब, सुट्या छऱ्यांचा हब, पोटातच गिअर असलेला हब. एका सकाळी पोळ्यांच्या डब्याला पोटातल्या गिअरचं उदाहरण करून नवऱ्यानं मला ते समजावलं. मला एवढंच समजलं की पोळ्या गार होताहेत.

शेवटी एक पार्सल आलं. आतून निघाला तो हब इतका देखणा होता की मी तो शोकेसमध्ये ठेवायला मागितला. चांदीसारखा चकचकीत, हातात घेतला तर पिसासारखा हलका. अण्णांनी चष्मा लावला, हब मांडीवर घेतला आणि शांतपणे भोकं मोजली.

"छत्तीस," ते म्हणाले. "आपल्या रिमला किती?"

नवरा पार्सलचा खोका उलटा करून बघायला लागला.

"चाळीस," अण्णा म्हणाले. "चार तारांचं काय करायचं? बाईंना कानात घालायला द्यायच्या?"

शिवाय तो हब फ्रेमच्या चिमट्यापेक्षा दोन बोटं रुंद निघाला. नवरा म्हणाला, पोलादी फ्रेम आहे, थोडी ताणता येते, त्या व्हिडिओत ताणतात.

"तिला ताणायच्या आधी मला ताण," अण्णा म्हणाले. "दोघांपैकी कोण आधी मोडतं ते बघू."

हब परत गेला. त्यानंतर मात्र कामाला विचित्र संथपणा आला. अण्णांनी विचारलं की नवरा म्हणायचा, "बघतोय. जुन्या मापाचा मिळत नाही हो." कधी माल यायचा होता, कधी मिस्त्री गावाला गेला होता. अण्णा मान हलवायचे आणि पेपरात डोकं घालायचे.

तेवढ्यात दुसरंच काहीतरी बिघडायला लागलं. अण्णा बाहेर जाईनासे झाले. मी म्हणायची, "चालत तरी जाऊन या कोपऱ्यापर्यंत." ते म्हणायचे, "चालत काय जायचं, काम ना धाम." दिवसभर गॅलरीत. भाकरी एकावरून अर्धीवर आली. पावलांना सूज दिसायला लागली. माझे दहावीचे पेपर तपासताना शेजारी बसून पोरांच्या चुका मोठ्यानं वाचायला लागले, आणि पोरांपेक्षा माझ्याच चुका जास्त काढायला लागले. मामा संध्याकाळी वर येऊन विचारायचे, "अण्णा, येताय न्हवं?" अण्णा म्हणायचे, "गाडी नाही." मामा माझ्याकडं बघून नुसते हसायचे, पण आता त्या हसण्यात जीव नव्हता.

आमची शाळा शहराच्या पूर्व भागात आहे, विणकरांच्या वस्तीत. शाळेपासून थोड्या अंतरावर सायकलच्या सुट्या भागांचं एक जुनं दुकान आहे. नवऱ्याच्या बोलण्यात त्याचा उल्लेख यायचा. एका दुपारी शाळा लवकर सुटली म्हणून मी स्वतःच तिकडं गेले. गल्ल्यावर माझ्याच वयाची एक बाई डबा उघडून जेवायला बसली होती. फोनवर तेलुगूत कुणालातरी झापत होती. माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "बोला मॅडम."

मी म्हटलं, जुन्या दांडीच्या सायकलचा मागचा हब पाहिजे, चाळीस भोकांचा, मिळत नाही म्हणे कुठं.

तिनं डाव्या हातानं मागच्या फळीवरून एक काढून माझ्यापुढं ठेवला. "कोण म्हणतं मिळत नाही?"

मी सगळी हकीकत सांगितली. मापाचा चिमटा म्हटल्याबरोबर तिनं घास खाली ठेवला.

"म्हणजे ते साहेब तुमचे?" ती हसायलाच लागली. "अहो मॅडम, मी त्यांना पहिल्याच दिवशी हाच दाखवला की. बसतो म्हणून सांगितलं. त्यांनी मोजला, बसला. मग म्हणाले, आणखी काय काय आहे? मी म्हटलं, आणखी काही नाही, हाच. तर खूश होऊन निघून गेले. आता दर शनिवारी येतात. हब हातात घेतात, फिरवतात, खाली ठेवतात, चहा पितात. माझी सासू म्हणते, पोरगी आवडलीय, पण घरचे तयार दिसत नाहीत."

मी हब न घेताच परत आले. आधी नवऱ्याशी बोलायचं होतं.

तो आला तेव्हा मी पार्किंगमध्येच उभी होते, त्या मोडक्या सायकलीला टेकून. म्हटलं, "दुकानातली बाई तुमची आठवण काढत होती."

त्यानं हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. मग सायकलीच्या सीटवरची धूळ पुसत म्हणाला, "अगं, ते पडले तर?"

मी सायकलीला टेकले होते ती सरळ उभी राहिले.

"परवा त्या वळणावर डंपर गेला माझ्या शेजारून. मी गाडीवर असून माझी चड्डी पिवळी व्हायची वेळ आली. अण्णांना कमी ऐकू येतं. एका बाजूचं तर येतच नाही."

"मग सरळ सांगा ना, सायकल बंद करा म्हणून."

"सांगून बघ तू. रागावले तर बरं. ते रागावत नाहीत, गणित घालतात. आजवर मी किती हजार किलोमीटर सायकल चालवली, त्यात किती वेळा पडलो, तू मोटरसायकलवरून किती वेळा पडलास, काढ प्रमाण. काय बोलणार? हब मिळत नाही म्हटलं की कुणाचाच दोष नाही. तेही वाईट होत नाहीत, मीही होत नाही."

मला त्याची दया आली. तीस वर्षं हा माणूस कारखान्यात वस्तू वेळेवर याव्यात म्हणून घसा कोरडा करतो, आणि घरात एक वस्तू येऊ नये म्हणून दर शनिवारी पूर्व भागापर्यंत जाऊन चहा पितो. पण मी म्हटलं, "सायकलवरून पडायच्या आधी ते खुर्चीतच मावळतील. पाय बघितलेत त्यांचे?"

त्यानं पाय बघितले होते. म्हणूनच तो एवढ्या पटकन कबूल झाला असावा. मात्र खरेदी विभाग सहजासहजी हार मानत नाही. त्यानं मधला मार्ग शोधला.

त्या रविवारी जेवायला भरली वांगी होती. अण्णांच्या ताटात मी पुढं होऊन एक जास्तीचं वाढलं. नवऱ्यानं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

"अण्णा, हा बघा. असा हब आपल्या फ्रेमला बसतो, मी खात्री केलीय. यात ब्रेक हबच्या पोटातच असतो. पायडल उलटं दाबलं की चाक जागेवर थांबतं. एकदम सुरक्षित. आणि शांत किती! ती टिकटिक नाही, काही नाही."

अण्णांचा घास हातातच राहिला. "टिकटिक नाही?"

"अजिबात नाही."

"मग बेड."

नकार द्यायचा असला आणि वर चर्चाही नको असली की अण्णा कन्नडमध्ये नको म्हणतात.

"का पण?"

"मुका हब मला नको. आवाज पाहिजे."

"अहो, आवाज कशाला पाहिजे?" नवऱ्याचा आवाज चढला. इतक्या आठवड्यांचे व्हिडिओ त्याच्या मदतीला धावून आले. "सायकल चालवताना तो आवाज येतच नाही. तुम्ही पायडल मारत असलात की फ्रीव्हील गप्प असतं. उतारावर पाय थांबवले तर वाजतं, आणि आपल्याकडं उतार आहेच कुठं? एरवी मग सायकल हातात धरून ढकलत चाललं तरच..."

तिथं तो थांबला.

अण्णांनी ताटाकडं पाहिलं. "बाई, वांग्यात मीठ जरा कमी पडलंय का हो?"

मीठ बरोबर होतं.

"अण्णा," नवरा हळू म्हणाला, "तुम्ही सायकल चालवता ना?"

"चालवतो की. मी चालतो, शेजारी ती चालते. आणखी कशी चालवतात?"

"कधीपासून?"

"तू काठी आणलीस ना, त्याच्या थोडं आधीपासून. एकदा सीटवर टांग टाकताना गुडघा मध्येच अडकला. ना इकडं ना तिकडं. मामांनी सोडवलं."

म्हणजे मामांना सगळं माहीत होतं. मला ते पहिल्या दिवशीचं हसू आठवलं, आणि मीही हसायला लागले. "मग पँटला क्लिप कशाला लावायचात?"

"चेनला पँट लागते, बाई. ढकलतानाही लागते." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तुम्ही गॅलरीतून बघत असता."

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, तसं अण्णांनी सगळं सांगून टाकलं. फाटकाबाहेर पडून कोपरा ओलांडला की ते आरामात चालायला लागायचे, उजवा हात सीटवर, डावा हँडलवर. विजापूर रोडवर तर ते कित्येक महिन्यांत गेलेच नव्हते. आतल्या आतल्या गल्ल्यांतून, मारुतीच्या देवळापर्यंत, मग मामांबरोबर कट्ट्यावर बसायचं आणि परत.

"अहो, मग काठी काय वाईट होती?" नवरा म्हणाला.

"काठी घेऊन निघालं की लोक विचारतात, बरं नाही का? सायकल हातात असली की विचारतात, कुठं निघालात?" अण्णा म्हणाले. "एवढाच फरक आहे. पण फार मोठा आहे."

नवऱ्यानं तांब्याला टेकवलेला मोबाइल काढून पालथा ठेवला.

"आणि आवाज?" मी विचारलं.

"त्याच्या तालावर पाऊल पडतं. आवाज नसला की गुडघा आपापला विचार करायला लागतो. शिवाय या चांगल्या कानानं एवढी एक गोष्ट अजून नीट ऐकू येते, ती पण तुम्ही बंद करायला निघालात."

मग ते नवऱ्याकडं वळले. "आणि तू. दुकानात हब पहिल्या दिवसापासून आहे, हे मला माहीत होतं. मामा रिक्षानं जाऊन बघून आले."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? लवकर आण, मला ढकलायचीय, असं सांगू?" अण्णांनी वांग्याचं देठ ताटाच्या कडेला ठेवलं. "म्हटलं, बघू हा किती दिवस काढतो. शाळेत जायचं नसलं की पोट दुखायचं तुझं. आठवतंय? डावीकडं दुखतंय की उजवीकडं विचारलं की दोन्हीकडं म्हणायचास."

नवरा हसला, उठला आणि हात धुवायला गेला. बेसिनपाशी तो जरा जास्तच वेळ हात धूत राहिला. अण्णांनी मला खुणेनं विचारलं, 'काय झालं?' मी खुणेनंच म्हटलं, 'काही नाही, जेवा.' त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं रजा टाकली. खरेदी विभागाच्या इतिहासात एवढ्या वेगानं काही झालं नसेल. सकाळी रिमसकट चाक रिक्षात घातलं, अण्णांना बसवलं, मीही अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन गेले, कारण हे चुकवण्यासारखं नव्हतं. दुकानातली बाई नवऱ्याला बघून उठून उभीच राहिली. "अय्यो, आज घरच्यांना घेऊन आलात! ठरलं वाटतं!"

हबला काही निवडायचं उरलंच नव्हतं. तोच लोखंडी, चाळीस भोकांचा. निवड झाली ती फ्रीव्हीलची. बाईनं चारपाच काढून गल्ल्यावर मांडली. अण्णांनी एकेक उचललं, चांगल्या कानाजवळ नेलं आणि बोटानं फिरवलं. चष्मा काढून, डोळे मिटून. गाण्याच्या बैठकीत तंबोरा जुळवणाऱ्याचा चेहरा असतो तसा चेहरा. पहिलं मऊ वाजलं, नको. दुसरं मध्येच अडखळलं, नको. चौथं असं कडकड वाजलं की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला.

"हे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ते नका घेऊ," बाई म्हणाली. "लई आवाज करतंय. लोक परत आणून देतात."

"परत आणून देणारे लोक सायकलवर बसत असतील," अण्णा म्हणाले. नवऱ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, पण तो लाजला.

दुकानातल्या मिस्त्रीनं तारा ओवून चाक बांधलं, फिरवून सरळ केलं, आणि संध्याकाळपर्यंत सायकल आमच्या पार्किंगमध्ये आपल्या दोन पायांवर उभी राहिली. मामा तेल घेऊन आले. अण्णा क्लिप लावायला वर गेले होते. सवय.

"थांबा, आधी मी बघतो," नवरा म्हणाला. "नवीन चाक आहे, एक चक्कर मारतो. तारा बसल्या पाहिजेत."

खरं तर त्याला ती सायकल लहानपणापासून चालवायची होती. लहान होता तेव्हा पाय पोचत नव्हते, मोठा झाला तेव्हा मोटरसायकल आली. त्यानं टांग टाकली, ऐटीत फाटकापर्यंत गेला, वळला, आमच्याकडं बघून एक हात सोडून हलवला. त्याच्या पँटला क्लिप नव्हती. चेनमध्ये पँट गेली, पायडल थांबलं, सायकल सावकाश, अगदी सावकाश एका बाजूला कलली, आणि आमचा खरेदी विभाग मामांच्या तुळशीच्या कुंडीत जाऊन बसला.

"आरारारा!" मामा धावले. "साहेब, ती ढकलायची असती. तिच्यावर बसत न्हाईत कुणी!"

अण्णा जिन्यातून एकेक पायरी उतरत आले. आधी सायकलीचं चाक फिरवून बघितलं. चाकाला काही झालं नव्हतं. मग मुलाकडं वळले. घोटा मुरगळला होता, तळहात सोलवटला होता. अण्णांनी त्याच्या पँटचा पाय चेनमधून सोडवला, त्याला कट्ट्यावर बसवलं, गुडघ्यावरची माती रुमालानं झटकली. "रडू येतंय का?" त्यांनी विचारलं. पंचावन्न वर्षांच्या माणसाला. आता बाहेरगावी असलेल्या नातवाच्या दहावीच्या निकालालाही मी अण्णांना एवढं खूश पाहिलं नव्हतं.

"प्रमाण काढायचं का?" मी विचारलं.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "आज सुट्टी देऊ."

रात्रीपर्यंत घोटा चांगलाच सुजला. डॉक्टरांनी मोटरसायकल काही दिवस बंद करायला सांगितली. मग थोडं बरं वाटल्यावर रोज हळूहळू चालायचंही सांगितलं. घरात काठी होती. मी ती गॅलरीतून काढून नवऱ्यासमोर धरली. त्यानं तिच्याकडं असं पाहिलं की मी ती गुपचूप परत नेऊन ठेवली. घराणंच तसलं.

तेव्हा अण्णा म्हणाले, "चल की माझ्याबरोबर. हँडलला एका बाजूनं तू धर."

सूज जरा उतरल्यावर एका संध्याकाळी दोघं निघाले. मी गॅलरीत उभी राहून बघत होते. मध्ये सायकल, एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला लंगडत नवरा, मागून हात पाठीमागं बांधून मामा. फाटकाबाहेर कुणीतरी भेटलं. काय विचारलं ते ऐकू आलं नाही, पण अण्णांनी हात लांब करून कुठंतरी दूरवर दाखवला आणि तिघं पुढं निघाले.

परत आले तेव्हा बापलेकांचं बोलणं बंद होतं. मामांकडून कळलं की कुणी कुठल्या बाजूनं धरायचं यावरून देवळापाशी वाजलं. नवऱ्याचं म्हणणं, दुखरा पाय सायकलीकडं पाहिजे. अण्णांचं म्हणणं, त्यांचे दोन्ही दुखरे आहेत, मग त्यांनी काय मधे बसायचं? जेवतानाही कुणी कुणाशी बोललं नाही. भाकरी वाढ म्हणून दोघंही मलाच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आधीच दोघं चपला घालून दारात उभे होते.